व्हिडिओ उतरवून घ्यायच्या आधीच किती एमबी लागणार, हे कसं काढता?

पाटीपेन्सिल
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, राहते जुळे सोलापुरात. शाळेत ३२ इंची टीव्ही आहे, त्याला पेन ड्राइव्ह लागतो. वर्गात मोबाईलला रेंज नाही, ती हवी तर बाहेर पारापर्यंत जावं लागतं. म्हणून व्हिडिओ घरी उतरवायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि सकाळच्या एसटीने शाळेत न्यायचे, असं माझं गेली काही वर्षं चाललंय.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार आपल्या जिल्ह्यात आला, याचा आम्हा शिक्षकांना फार अभिमान आहे. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड छापलेले असतात. पण कोडच्या पलीकडे व्हिडिओ असतो आणि त्याला डेटा लागतो. तो किती लागणार, हे कुठेच धड सांगितलेलं नसतं.

मागच्या गुरुवारी पचनसंस्थेवरचा ४० मिनिटांचा फार चांगला व्हिडिओ सापडला. एका संस्थेने तो सगळ्यांना उतरवून घ्यायला खुला ठेवलाय. खाली नुसतं डाउनलोडचं बटण, एमबीचा आकडा नाही. माझा रोज १.५ जीबीचा प्लॅन. संध्याकाळी सातला लावला, साडेनऊला बघते तर ९३ टक्क्यांवर अडकलेला. दिवसाचा डेटा संपला होता. तसाच चालू ठेवून झोपले. सकाळी डाउनलोड फेल, आणि पुन्हा दाबलं तर शून्यापासून सुरू.

शुक्रवारी फळ्यावर आतड्याचं चित्र काढून शिकवलं. पण आदल्या दिवशी मी मुलांना सांगून बसले होते की उद्या पोटाच्या आतलं दाखवते. एक मुलगी ते बघायला धाकट्या भावाला घरून सोबत घेऊन आली होती. त्याला बाकावर बसवलं, तर तो दोन्ही तास टीव्हीकडेच बघत होता.

बटण दाबायच्या आधी आकडा कसा कळेल, एवढंच मला हवंय. कुणी सांगेल का?

कडकभाकरी
रविवार, रात्री ९:५८

ताई, वाचून वाईट वाटलं. मलाही हे हवंच आहे, धागा धरून ठेवतेय.

रेल्वेलाईन
रविवार, रात्री १०:३५

ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, हा माझ्या आवडीचा विषय. जरा सविस्तर लिहितो.

आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे धार किती आणि नळ किती वेळ चालणार, यावरून कुठलं पिंप भरेल हे घरातल्या पोरांनाही कळतं. व्हिडिओचं गणित हेच आहे. त्यात धारेला बिटरेट म्हणतात आणि ती एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट अशी, मोजतात. धार गुणिले वेळ, की फाइल किती मोठी ते निघालं.

एकच आकडा पाठ करा: साडेसात. १ एमबीपीएसचा व्हिडिओ एक मिनिट चालला की ७.५ एमबी होतात. मिनिटाचे ६० सेकंद आणि ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ६० भागिले ८. तासाला ४५० एमबी.

आता तुमचा गुरुवार बघू. ९३ टक्क्यांना साधारण दीड जीबी गेला, म्हणजे पूर्ण फाइल १.६ जीबीच्या आसपास. ४० मिनिटांना १६०० एमबी, म्हणजे मिनिटाला ४०. त्याला साडेसातने भागा, ५.३ एमबीपीएस. ही १०८०पीची, म्हणजे उभ्यात १०८० ठिपक्यांच्या चित्राची, धार झाली. राहिलेले ७ टक्के म्हणजे ११२ एमबी. डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. त्या वेगाने ११२ एमबीला १४,००० सेकंद लागतात, जवळजवळ चार तास. एवढा वेळ जोडणी न तुटता राहणं कठीणच होतं. तुमची काही चूक नाही.

आणखी एक. ३२ इंची टीव्ही बहुतेक एचडी रेडी असतात, पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. त्यावर १०८०पी लावलं तरी टीव्ही ते चित्र बारीक करूनच दाखवतो. ७२०पी मिळत असेल तर तेच घ्या. मागच्या बाकावरच्या मुलाला काही फरक दिसणार नाही आणि डेटा निम्म्याच्या आसपास वाचेल.

पाटीपेन्सिल
रविवार, रात्री १०:५०

काका, धन्यवाद. साडेसातचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पण धार किती आहे हे उतरवायच्या आधी कुठे दिसतं? मिनिटं तर व्हिडिओवरच लिहिलेली असतात.

धोटा
सोमवार, सकाळी ७:१५

ओ ताई, मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस, अक्कलकोट रोडला कारखाना आहे. मी व्हिडिओ उतरवत नाही, काढून गिऱ्हाइकाला पाठवतो. पण एक गोष्ट लई दिवसांनी माझ्या ध्यानात आली ती सांगतो. ७२०पी म्हणजे इतके एमबी, असा ठरीव हिशोब होत नाही. त्यात काय हलतंय यावर सगळं आहे.

गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला होता, आणि तेवढाच दोन मिनिटांचा गोदामातल्या टॉवेलच्या गठ्ठ्यांचा, फोन एका जागी ठेवून. दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायला एकाच अ‍ॅपमधून बारीक केले, सेटिंग एकच. दारूकामाची फाइल गठ्ठ्यांच्या तिपटीच्या वर भरली. असं का, ते काका सांगतील, पण होतं असंच.

आणि ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बघा, तिथं आधीच लिहिलेलं असतं: १०८०पी, ३० फ्रेम, एका मिनिटाला ६० एमबी. ४के, ३० फ्रेम, १७० एमबी. व्हिडिओ काढणाऱ्याला आकडा आधी कळतो, मग उतरवणाऱ्याला का कळू नये?

रेल्वेलाईन
सोमवार, सकाळी ९:०५

धोटा, अगदी बरोबर. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि पुढे फक्त काय बदललं तेवढंच. गठ्ठे जागचे हलत नाहीत, त्यामुळे साठवायला फारसं काही नसतं. दारूकामात दर क्षणी सगळं आभाळ बदलतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचंही तेच, हजारो डोकी हलत असतात.

ताई, यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की फळा किंवा स्लाइड दाखवून शिकवलेला धडा फार हलका असतो. ७२०पीमध्येही तो अर्ध्या-पाऊण एमबीपीएसमध्ये बसू शकतो. प्राणी, पाणी, धूर, गर्दी असली की धार वाढते.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत, बदलला तरी फरक पडतो. जुना एच.२६४ हा २००३ चा. त्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आला, तो तेवढाच स्पष्ट व्हिडिओ साधारण निम्म्या जागेत बसवतो. पण तुमचा शाळेचा टीव्ही जुना असेल तर एचईव्हीसी चालेलच असं नाही. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, असं मी पाहिलंय. एक छोटी फाइल लावून खात्री करून घ्या.

सातरस्ता
सोमवार, दुपारी १:२०

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या घरूनच काम. पाटीपेन्सिल ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आकडा दिसतो कुठे.

व्हिडिओ सर्व्हरवर दोन तऱ्हांनी ठेवलेला असतो. एक म्हणजे सलग एक फाइल. डाउनलोडचं बटण असलं की बहुतेक वेळा हीच असते. अशी फाइल मागितली की सर्व्हर ती देण्याआधी एक चिठ्ठी पाठवतो, त्यात 'कंटेंट-लेंग्थ' म्हणून बाइटमधला आकडा असतो. आपला ब्राउझर तोच वाचून '१२ एमबी / १.६ जीबी' असं दाखवतो. म्हणजे सगळ्यात सोपा उपाय: डाउनलोड सुरू करा, वरची सूचनापट्टी खाली ओढून एकूण आकडा वाचा, आणि परवडत नसेल तर तिथेच रद्द करा. जेमतेम एक-दोन एमबी जातील.

तेवढेही घालवायचे नसतील तर संगणकावरून नुसती चिठ्ठी मागवता येते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल नावाची आज्ञा आयतीच आहे. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून कर्ल, मग जागा सोडून हायफन आणि कॅपिटल आय, मग पुन्हा जागा सोडून फाइलचा पत्ता द्या. फाइल येत नाही, फक्त चिठ्ठी येते. पत्ता दुसरीकडे वळवलेला असेल तर हायफन कॅपिटल एलही जोडा. कंटेंट-लेंग्थच्या आकड्यातले शेवटचे सहा अंक झाका, उरले ते एमबी.

त्याच चिठ्ठीत 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स' अशी ओळ दिसते का तेही बघा. ती असेल तर तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होऊ शकतं. ताई, तुमचं शून्यापासून सुरू झालं, त्या सर्व्हरवर ही सोय नसण्याची शक्यता आहे. मोठी फाइल असेल तर मी ही ओळ आकड्याच्याही आधी बघतो.

दुसरी तऱ्हा तुकड्यांची. नुसतं बघायच्या साइटवर व्हिडिओ साधारण सहासहा सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो. तुमचा ४० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे ४०० तुकडे. इथे एकूण फाइल अशी नसतेच, म्हणून एकूण आकडाही कुणी पाठवत नाही. पण तुकड्यांची यादी असते, तिला एम३यू८ म्हणतात, आणि त्यात प्रत्येक दर्जापुढे बँडविड्थ लिहिलेली असते. समजा १४००००० लिहिलंय, म्हणजे १.४ एमबीपीएस. काकांच्या हिशोबाने १.४ गुणिले ७.५ गुणिले ४०, झाले ४२० एमबी. हा आकडा सर्वांत जोरदार धारेचा असतो, प्रत्यक्षात फाइल त्याहून थोडी कमीच भरते. 'अ‍ॅव्हरेज-बँडविड्थ' दिलेली असेल तर तीच धरा.

कडकभाकरी
सोमवार, दुपारी ३:४५

सातरस्ता दादा, छान समजावलंत. माझा प्रश्न छोटा आहे. आमच्या सासूबाईंचा फोन ३२ जीबीचा, सारखा भरतो. त्या काही उतरवत नाहीत म्हणतात, तरी गॅलरीत दोन-दोनशे व्हिडिओ.

सातरस्ता
सोमवार, दुपारी ४:०२

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपोआप उतरवणं चालू असेल. सेटिंग, मग स्टोरेज आणि डेटा, तिथे मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी आहेत. तिन्हींतून व्हिडिओची खूण काढा. मग प्रत्येक व्हिडिओवर बाण आणि शेजारी एमबी दिसतील, आजी बाण दाबतील तेवढाच येईल. त्याच पानावर 'मॅनेज स्टोरेज'मध्ये सगळ्यात मोठ्या फाइली वर लावून मिळतात.

अभ्यासिका१२
सोमवार, रात्री ११:३०

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, होटगी रोडला मित्रांबरोबर खोली आहे. आमचे सगळे तास टेलिग्रामवर. तिथे व्हिडिओच्या कोपऱ्यात आकडा असतोच, शिवाय सेटिंगमध्ये अमुक एमबीच्या वरचं आपोआप उतरवू नको, अशी मर्यादा घालता येते. मी ती १० एमबीवर ठेवली आहे.

माझा डेटा खरा वाचला तो वेगळ्याच गोष्टीने. राज्यशास्त्राच्या तासाला सर फक्त बोलतात, पडद्यावर दोन तास एकच पान. तिथे नुसता आवाज मिळत असेल तर मी आवाजच घेतो. ६४ केबीपीएसचा आवाज तासाला २८.८ एमबी होतो. भूगोलाला नकाशे असतात, तिथे व्हिडिओच लागतो. वह्यांच्या शेवटच्या पानावर मी प्रत्येक विषयापुढे 'आ' किंवा 'व्हि' लिहून ठेवलंय.

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ८:२०

तुमचं सगळ्यांचं वाचून रात्री तोच व्हिडिओ कर्लने तपासला. आकडा आला १५९६००००००. शेवटचे सहा अंक झाकले, १५९६ एमबी. रेल्वेलाईन काकांनी न बघता १.६ जीबी म्हटलं होतं! शेजारच्यांच्या वायफायवर त्यांच्या परवानगीने उतरवूनही घेतला.

पण दोन शंका आल्या. पहिली, फोनवर १.६ जीबी दिसतो आणि लॅपटॉपवर घेतला की तीच फाइल १.४८ जीबी. काही कापलं गेलं का? दुसरी, प्रशिक्षणाचं तीन तासांचं रेकॉर्डिंग ४.७ जीबीचं आहे. माझा पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा, तरी 'फाइल फार मोठी आहे' असं सांगून नाकारतोय.

सातरस्ता
मंगळवार, रात्री ९:१०

पहिल्याचं काही नाही, फाइल पूर्ण आहे. फोन १००० च्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. ६४ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह विंडोजला ५९ च्या आसपास दिसतो तो याचमुळे. आधी काढलेला आकडा आणि आलेली फाइल ताडून बघताना दोन्ही एकाच मापाने बघा. बाइटमध्ये बघितलं की गोंधळ होत नाही: फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की कंसात बाइट दिसतात, ते कंटेंट-लेंग्थशी अंकाला अंक जुळले पाहिजेत.

दुसरं, तुमचा पेन ड्राइव्ह एफएटी३२ या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीचा आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, मग ड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केला की चालेल, पण फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवा. आणि जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, हेही आधी तपासा. तुमच्या जागी मी असतो तर ड्राइव्हला हात लावला नसता. ४.७ जीबी आणि तीन तास, म्हणजे साडेतीन एमबीपीएस. प्रशिक्षणाच्या भाषणाला एवढी धार लागत नाही. खालचा दर्जा मिळत असेल तर तो घ्या.

धोटा
मंगळवार, रात्री ९:३०

एक विचारू का? यूट्यूबवरचे व्हिडिओही असेच बाहेरच्या अ‍ॅपने उतरवता येतात ना? त्यात तर सगळ्या दर्जांची यादी एमबीसकट येते म्हणे.

सातरस्ता
मंगळवार, रात्री ९:५५

येते. वायटी-डीएलपीसारख्या साधनात सगळी यादी आकड्यांसह दिसते, आकड्याआधी लाटेसारखी खूण असली तर तो अंदाज समजायचा. पण यूट्यूबच्या अटींत बाहेरून उतरवायला मनाई आहे, त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधलं डाउनलोड वापरावं. शाळेसाठी तर मी मुक्त परवान्याचंच घ्या म्हणेन. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फाइलच्या पानावर तिचा आकार दिलेला असतो. इंटरनेट अर्काइव्हवर 'सगळ्या फाइली दाखवा' केलं की नावापुढे आकार असतो.

तांत्रिक बाजू एवढीच सांगतो, कारण ती जागेशी संबंधित आहे: अशा ठिकाणी चित्र आणि आवाज वेगळे येतात आणि शेवटी जोडले जातात. जोडताना जुने दोन तुकडे आणि नवी फाइल एकाच वेळी डिस्कवर असतात. म्हणजे १ जीबीच्या व्हिडिओला घटकाभर २ जीबी मोकळी जागा लागते. फोन काठोकाठ भरलेला असला की शेवटच्या मिनिटाला जे फसतं ते यानेच.

रेल्वेलाईन
बुधवार, सकाळी ८:४०

ताई, एक राहिलं होतं. एका संस्थेचे व्हिडिओ बहुतेक एकाच साच्यातून निघतात. तेव्हा त्यांचा एक छोटा व्हिडिओ उतरवा, विंडोजवर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा, तिथे टोटल बिटरेट लिहिलेला असतो. केबीपीएसमध्ये असतो, १००० ने भागा. तो त्या संस्थेच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी नुसती मिनिटं बघून आकडा निघेल.

पाटीपेन्सिल
शनिवार, संध्याकाळी ६:१५

काका, तसंच केलं. पुढच्या आठवड्याचे सहा व्हिडिओ होते, सगळे मिळून ७५ मिनिटं. नमुन्याचा बिटरेट १२०० केबीपीएस, म्हणजे मिनिटाला ९ एमबी. अंदाज ६७५ एमबी काढला, दिवसाच्या दीड जीबीत आरामात बसतो असं ठरवून मगच बटण दाबलं. प्रत्यक्षात ६४१ एमबी आले. रात्री दहाला फोनवर निम्म्याहून जास्त डेटा शिल्लक होता.

एकच अंदाज चुकला, ज्वालामुखीचा. १२ मिनिटांचे १०८ धरले होते, आले १७१. भागून बघितलं, १.९ एमबीपीएस. सगळा वेळ लाव्हा आणि धूर, धोटा दादांच्या दारूकामासारखंच. बाकीचे पाच त्यामुळे अंदाजापेक्षा हलके निघाले.

पचनसंस्थेचा व्हिडिओ बुधवारीच दाखवला. ती मुलगी भावाला पुन्हा घेऊन आली होती. घास जठरात उतरतो तिथे त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि संपेपर्यंत काढला नाही.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: नाव, मिनिटं, अंदाज एमबी, खरे एमबी. सातवीच्या सरांनीही आज त्यात त्यांचे दोन व्हिडिओ लिहिले.

कडकभाकरी
शनिवार, संध्याकाळी ६:४०

ताई, त्या कागदाचा फोटो टाकाल का? आमच्या वाड्यातल्या चार पोरांसाठी मलाही तसाच करायचाय.

पाटीपेन्सिल
शनिवार, संध्याकाळी ६:५२

सोमवारी शाळेतून टाकते. १०० केबीच्या आतच करून टाकेन.